गोणीची फेरी

देवळ्यात रग्बीचा क्लब आहे असं सांगितलं की नाशिकची माणसं आधी हसतात, आणि हसू ओसरलं की ‘कुठलं देवळा?’ म्हणून विचारतात. मी सांगतो, कांद्याचं. तेवढं पुरतं. ते हसू मी इतक्या वेळा पाहिलंय की ओठ हलायच्या आधीच मला ते दिसतं. हसा म्हणावं. क्लब होता, आहे, आणि माझे गुडघे पार कामातून गेले तरी राहणार आहे.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे तो वास. परवा सकाळी खत-बियाण्याच्या दुकानाचं शटर वर केलं आणि रस्त्यापलीकडच्या वावरातून तो आला. उन्हाळ कांदा निघायला लागला होता. स्वयंपाकघरातल्या कांद्याचा वास वेगळा, डोळ्यांत पाणी आणणारा. हा वास उकरलेल्या मातीचा, खुडलेल्या पातीचा, आणि फाल्गुनातलं ऊन दिवसभर खाल्लेल्या पापुद्र्यांचा. तो एकदा सुटला की गावाला दुसरं काही सुचत नाही. दुकानात माणूस औषध घ्यायला येतो आणि भावाबद्दल बोलून औषध न घेताच निघून जातो.

आणि त्याच दिवसांत पश्चिमेकडून पिकअप येतात. हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरातली माणसं कांदे काढायला येतात, ती सगळा संसार घेऊनच. पातेली, गोधड्या, सरपणाच्या मोळ्या, पाय बांधलेल्या दोन-तीन कोंबड्या, आणि या सगळ्यावर आडवी झोपलेली पोरं. गावाला त्यात मजूर दिसतात. मला मात्र पिकअप वळली की आमची टीम आल्यासारखं वाटतं, आणि माझा हात नकळत गुडघ्यावर जातो.

क्लब काढला फौजी आबांनी. आमच्याच गल्लीतले. फौजेतून निवृत्त होऊन आले ते एक लोखंडी ट्रंक, भरघोस मिशा आणि एक लांबट चेंडू घेऊन. गावाला वाटलं, प्रवासात चेंडू चेपला असणार. चौकातल्या सायकलवाल्याने तर अगदी मनापासून विचारलं होतं, “आबा, ह्याच्यात हवा भरून देऊ का?”

“हवा तुझ्यात भरतो,” आबा म्हणाले. “संध्याकाळी वावरात ये.”

वावर म्हणजे आमच्या तात्यांचं. तात्या माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. त्यांच्या शब्दाशिवाय आमच्या घरात भाकरीसुद्धा फुगायची नाही. त्यांचं रस्त्याकाठचं वावर सगळ्यांत आधी लागायचं आणि सगळ्यांत आधी मोकळं व्हायचं. कांदा उपटलेली ती जमीन इतकी भुसभुशीत, की तिच्यावर पडलं तरी लागायचं नाही. आबा म्हणाले, पडायला शिकायचं असेल तर असंच वावर पाहिजे. तात्यांनी ते खुशीने दिलं. त्यांना अध्यक्ष केलं होतं. फ्लेक्सवर त्यांचा फोटो चेंडूपेक्षा मोठा होता.

आम्ही सगळी कबड्डी खेळणारी पोरं. मी नुकता कॉलेज संपवून दुकानात बसायला लागलो होतो आणि मला कशाचं तरी निमित्त हवं होतं. अडचण एकच होती. या खेळाला एका बाजूला पंधरा माणसं लागतात, आणि ऐन काढणीत गावात पंधरा मोकळी पोरं मिळणं अशक्य. काही पुण्याला कंपनीत, काही नाशिकला परीक्षेच्या तयारीला, राहिलेली ट्रॅक्टरवर. सात जणांचीही रग्बी असते, असं कोणीतरी आबांना सुचवलं.

“सात जनांत तं पत्त्याचा डाव पन रंगत नाय,” आबा म्हणाले. “पंधरा म्हंजे पंधरा.”

लहानू सापडला तो सांडलेल्या भातामुळे. वावराच्या कडेला काढणीच्या टोळीची पालं होती. एका संध्याकाळी आमचा चेंडू उडाला तो थेट एका चुलीवर, आणि रटरटणारं पातेलं कलंडलं. पालातून एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा, माझ्याच वयाचा माणूस चेंडू हातात घेऊन आला. कपाळावर आठ्या.

“भात सांडला आमचा,” तो म्हणाला.

आबांनी भाताकडे पाहिलंच नाही. त्यांनी त्याचे दोन्ही खांदे चाचपून पाहिले, बाजारात बैल पाहतात तसे. “उद्यापासून ये खेळायला.”

“ह्यात कामाचा रोज भेटंल का?”

“रोज नाय. मार भेटंल.”

लहानूने जरा विचार केला. “आन भात?”

“भात मी देतो.”

दुसऱ्या दिवशी लहानू टोळीतले आणखी काही गडी घेऊन आला आणि आमचे पंधरा झाले. खेळ संपल्यावर आबा घरून भाताचं मोठं पातेलं घेऊन आले. ताडपत्री अंथरली, कांदे बुक्कीने फोडले आणि आम्ही सगळे एकाच पातेल्याभोवती बसलो. त्या दिवसापासून खेळ झाला की भात, हे ठरूनच गेलं. मोठमोठ्या क्लबांमध्येही सामन्यानंतर दोन्ही संघांनी एकत्र जेवायची रीत आहे म्हणतात. आम्हाला ती कोणी शिकवली नव्हती. आमच्याकडे भात सांडला होता, म्हणून ती आली.

पण पातेल्याभोवती बसणं सोपं होतं. खरी गाठ स्क्रममध्ये होती. स्क्रम म्हणजे दोन्ही बाजूंची आठ-आठ माणसं वाकून, एकमेकांच्या खांद्यात हात घट्ट गुंतवून, समोरच्यांना रेटतात. पहिल्या ओळीत मी मधे आणि लहानू माझ्या उजवीकडे. त्याने हात माझ्या पाठीवर टाकून माझा शर्ट मुठीत आवळून धरायचा. तो धरेचना. त्याचा हात माझ्या खांद्याच्या वर अधांतरी.

“शेठ, हात टाकू का?” त्याने हळूच विचारलं, आणि तेवढ्यात आमची ओळ कोसळली.

आबांनी शिट्टी फुंकली. “हितं शेठ कोन हाय?”

 वावराच्या कोपऱ्यात चिंगळीची एक गोणी पडली होती. चिंगळी म्हणजे बाजारात कोणी विचारत नाही ते बारके कांदे. आबांनी माझ्याकडे बोट केलं आणि मग गोणीकडे. “उचल. वावराला फेरी मार.”

“मी काय केलं? तो म्हणाला.”

“म्हननाऱ्याला कसली सजा? त्याला तसं म्हनायची सवय लावली कोनी? ज्याला शेठ म्हनलं त्यानं गोनी उचलायची. आजपासून हाच कायदा.”

पहिला आठवडा त्या गोणीने माझा खांदा सोलून काढला. दुपारी कांदे भरताना मी लहानूच्या विनवण्या करायचो. “लहानू, लेका, बापू म्हण. नुसतं बापू.” तो मान डोलवायचा आणि संध्याकाळी सवयीने पुन्हा तोंडातून निघायचं. मग हळूहळू ते निघेनासं झालं आणि त्याचा हात माझ्या पाठीवर येऊन घट्ट बसला. त्या मुठीत माझे दोन शर्ट फाटले. आई म्हणायची, तू खेळतोस की भांडतोस?

लहानूला कोणी भोळा समजू नये. कायद्यातली गंमत त्याला आमच्याआधी कळली. दिवसा वावरात जो कोणी त्याच्यावर खेकसायचा, त्याला तो संध्याकाळी मैदानावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारायचा, “ओ शेठ.” आणि शेठ निमूटपणे गोणीकडे चालू लागायचे. त्या हंगामात आमच्या गावातली पोरं काढणीच्या माणसांशी जेवढी गोड बोलली, तेवढी आधी कधी बोलली नव्हती. कोणाला त्यात संस्कार बिंस्कार शोधायचे असतील तर शोधावेत. आम्हाला गोणीची धास्ती होती.

पहिला सामना नाशिकला, एका कॉलेजच्या मैदानावर. त्यांच्या पायांत खिळ्यांचे बूट, दातांवर रबर. आमच्यातले निम्मे अनवाणी. आणि त्या सामन्यात मी जे केलं ते आजही लग्नाच्या पंगतीत लोक मला ऐकवतात. चेंडू माझ्या हातात आला, समोर कोणी नव्हतं, मी सुसाट पळालो आणि त्यांच्या शेवटच्या रेषेच्या पार गेलो. रेषेपार गेल्यावर चेंडू जमिनीला टेकवायचा, की ‘ट्राय’ होतो आणि गुण मिळतात. पण माझं आयुष्य कबड्डीत गेलेलं. कबड्डीत समोरच्याच्या हद्दीत शिरून रेषेला पाय लावला, की जीव घेऊन आपल्या बाजूला परत यायचं असतं. मी पाय लावला, गर्रकन वळलो, आणि चेंडू छातीशी धरून, दोघा-तिघांना हुलकावणी देत, आख्खं मैदान ओलांडून सुखरूप परत आलो.

आमच्या पोरांनी मला उचलून घेतलं. पंच कमरेवर हात ठेवून नुसते पाहत राहिले. आबांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली.

दणकून हरलो. परतीला टेम्पोत बसलो. घाट उतरल्यावर लहानू म्हणाला, “बापू, गेला व्हतास ना पार? मंग परत कशाला आलास?” त्यावर टेम्पोत जे हसू फुटलं ते देवळ्यापर्यंत थांबलं नाही. नाशिकच्या पोरांनी परतीचा सामना आमच्या गावात खेळायचं कबूल केलं होतं. पुढच्याच आठवड्यात. त्यानंतर लहानूची माणसं डोंगरात परतणार होती, भाताच्या रोपासाठी राब भाजायला. म्हणजे तो सामना झाला तर क्लब, नाही तर फ्लेक्सवरचा फोटो तेवढा उरणार.

आणि नेमकं तेव्हाच आठवडेबाजारात कोणीतरी तात्यांना डिवचलं, तुमचा पुतण्या मजुरांपायी गोण्या वाहतो म्हणे. त्या संध्याकाळी तात्या मोटारसायकलवरून आले आणि बांधावर उभे राहिले. मी तेव्हा फेरीवरच होतो, गोणी खांद्यावर.

“बापू, ठेव ती गोणी,” तात्या म्हणाले.

मी आबांकडे पाहिलं. आबा आभाळाकडे पाहत होते. सांगायचं मलाच होतं. 

“फेरी पुरी व्हायची आहे, तात्या,” मी म्हणालो, आणि पुढे निघालो.

तात्या रागावले की आमची घरची बोली बोलायचे. ते आबांना म्हणाले, “खेळ खेळा, मना काही नकार नही. पन हाई मजूर पोरं मना वावरमा नही पायजेत. आपली पोरं ठेव. नही तं वावर सोड.”

“पंधरा हायेत, तात्या,” आबा म्हणाले. “ह्यातले कोनते काढू?”

“तुले माहीत शे.”

लहानूच्या माणसांनी शर्ट उचलायला सुरुवात केली होती. कोणी न सांगता. त्यांना याची सवय होती, आणि तेच माझ्या डोक्यात गेलं. तो राग अजून ताजा आहे. कांदा काढायला चालणारे हात, माझ्या पाठीवर चालत नव्हते.

“कोनी हलायचं नाय,” आबा म्हणाले. मग तात्यांना म्हणाले, “वावर सोडलं.”

आबांनी वावर सोडलं खरं, पण दुसरं द्यायला कोणी तयार होईना. ज्याच्याकडे जावं तो तात्यांचं नाव पुढे करायचा. रात्री घरात सगळे एकाच पंगतीत जेवायला बसलो. माझे वडील तात्यांपुढे कधी बोलले नाहीत. बोलायची वेळ आली की पाणी प्यायचे. त्या रात्री त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि ताटाकडे बघत म्हणाले, “मना हिस्साना माळ मोकळा शे.”

तात्यांचा घास थांबला. “तठे काय येतं?”

“काहीच येत नही,” वडील म्हणाले. “म्हनूनच म्हन्तो.” आणि मग ते पाणी प्याले.

वडिलांनी थोरल्या भावापुढे उच्चारलेली तेवढीच वाक्यं मला ठाऊक आहेत. नंतर त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही. पण आमच्या क्लबचा इतिहास कोणी लिहिलाच तर अध्यक्षांच्या फोटोच्या जागी तो पाण्याचा तांब्या छापावा असं माझं म्हणणं आहे.

माळ म्हणजे नुसता मुरूम आणि दगड. तात्यांच्या वावराला लागून, बांधापलीकडे. मालकांच्या पोरांतली निम्मी आलीच नाहीत, त्यांच्या बापांनी अडवून धरली. त्यांच्या जागी लहानूने शेजारच्या शेतांतल्या टोळ्यांमधून माणसं आणली. दिवसभर वाकून कांदे काढायचे आणि संध्याकाळी पुन्हा वाकून दगड वेचायचे. कांद्याच्याच पाट्यांत दगड भरून कडेला टाकत गेलो, तर मैदानाभोवती आपोआप एक बांध तयार झाला. बायका आल्या, त्यांनी आमच्यापेक्षा जास्त वेचले आणि आम्हाला नावंही ठेवली. लहानूची बायको सोनी मला म्हणाली, “बापूभाऊ, दगुड उचलाया बी दोन मानसं लागत्यात का तुमाला?” मी एकट्याने उचलला. कंबर धरली, पण उचलला.

नाशिकची पोरं आली आणि माळ पाहून त्यांचा कॅप्टन गांगरला. “इथे खेळायचं?”

“आमी हितंच ऱ्हातो,” आबा म्हणाले.

त्या सामन्याचं काय सांगू. कोपरं सोलली, गुडघे फुटले, घामात मुरूम मिसळून अंगाला गेरू फासल्यासारखं झालं. आम्ही मागे पडत गेलो. पण शेवटी शेवटी त्यांच्या रेषेजवळ चेंडू लहानूच्या पोटाशी आला आणि आम्ही सगळे मागून त्याला भिडलो. कोणाचा हात कोणाच्या पाठीवर होता ते कळत नव्हतं. एक एक पाऊल करत तो सगळा ढीग रेषेपार गेला आणि लहानू चेंडूवर पालथा पडला. शिट्टी झाली. ट्राय. देवळ्याच्या क्लबचा पहिला.

लहानू उठेना. चेंडू पोटाखाली गच्च धरून तो तसाच पडून राहिला. मला वाटलं, लागलं की काय.

“लहानू, ऊठ. झालं. गुण मिळाले.”

“नाय उठत,” तो मातीत तोंड खुपसून म्हणाला. “परत बोलावशील.”

सामना आम्ही हरलोच. ते मी कधी लपवत नाही. पण त्या संध्याकाळी नाशिकची पोरंही ताडपत्रीवर बसली, त्यांनी बुक्कीने कांदा फोडायचा प्रयत्न केला, कांदा भलतीकडेच उडाला, आणि भात त्यांना इतका आवडला की शेवटी सोनीला पुन्हा चूल पेटवावी लागली.

तात्यांनी पुढे दसऱ्याच्या सुमाराला निरोप धाडला होता. वावर पुन्हा देतो, फक्त जरा मर्यादेत राहा. आबांनी निरोप्याला सांगितलं, “रेषेपार गेलो की आता परत येत नाय आमी. बापूला इचार.” बापूला कोणी विचारायला आलं नाही.

लोक मला विचारतात, इतक्या वर्षांत क्लबने काय मिळवलं? किती पोरं राज्यावर गेली? एकही नाही. कपाटात ढाली किती? कपाटच नाही. असलं विचारणाऱ्यांना मी माळावर आणतो आणि तो दगडांचा बांध दाखवतो. त्यातला कोणता दगड मालकाने उचलला आणि कोणता मजुराने, ते ओळखून दाखवा म्हणतो. मग ते घड्याळ बघायला लागतात. गावाने सगळं सोडून आमचं ऐकलं असंही नाही. आजही काही घरांत काढणीच्या माणसांना पाणी वेगळ्या ग्लासात मिळतं, आणि त्या घरांची पोरं माळावर आली की मी त्यांना मुद्दाम पहिल्या ओळीत घालतो. खांद्यात हात गुंतवल्यावर ग्लास आठवतो का बघू.

आबा गेले. त्यांची शिट्टी लहानूच्या गळ्यात आली. तो आता स्वतः कांदे काढत नाही, टोळी घेऊन येतो, केस पिकलेत, खांदे तसेच आहेत. डोंगरातही त्याने पोरं जमवलीत. तिकडे ती भाताची कापणी झालेल्या खाचरांत खेळतात आणि खेळ झाला की भात खातात. त्याची धाकटी आणि माझी मुलगी या माळावर एकाच स्क्रममध्ये रेटतात. माझ्या मुलीचे शर्ट फाटतात. तिची आई विचारते, तू खेळतेस की भांडतेस, आणि मला आतल्या खोलीत जाऊन हसावं लागतं.

काल या हंगामातला पहिला सराव होता. पिकअपमधून आलेला एक नवा गडी, हरसूलकडचा, अजून बुजलेला. चेंडू बांधापलीकडे गेला तसा तो मला म्हणाला, “शेठ, तिकडं गेला बगा.”

सगळं मैदान थांबलं. कोणी खोकलं, कोणी तोंड फिरवलं. तो बिचारा गोंधळून सगळ्यांकडे बघायला लागला.

“नवा आहे तो,” मी म्हणालो. “आणि माझा गुडघा…”

लहानूने शिट्टी दातांतून काढली. “गुडघा घरी ठिवून यायचा व्हता, बापू. पुरी फेरी मार.”

मी गोणी उचलली. चिंगळीचीच, या वर्षीची. पहिल्या दहा पावलांतच दम लागला. मागून माझी मुलगी मोठमोठ्याने टाळ्या वाजवत होती. फेरीच्या निम्म्यावर तात्यांचा बांध लागतो. बांधापलीकडे त्यांची कांदा साठवायची चाळ आहे आणि चाळीच्या सावलीत हल्ली तात्या खुर्ची टाकून बसतात. थकलेत. लग्नाकार्यात आम्ही बोलतो, तब्येतीची चौकशी करतो, वाकून पायाही पडतो मी. त्या संध्याकाळबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मीही नाही. खुर्चीतून त्यांनी मान वळवली, कपाळावर हात आडवा धरला आणि कोण येतंय ते बघायला लागले.

तात्यांना हल्ली लांबचं नीट दिसत नाही. म्हणून मी पळायचं थांबलो, बांधाच्या अगदी कडेला गेलो, गोणी त्यांच्या बाजूच्या खांद्यावर घेतली आणि त्यांच्यासमोरून सावकाश चालत गेलो.